साडेअठ्ठावीस कोटी डॉलरचा हिशेब

29 मे 2023 च्या रात्री बॉस्टन सेल्टिक्सचा संघ घरच्या मैदानावर मायामी हीटकडून 103-84 असा हरला. मालिकेत 0-3 असा मागे पडूनही सातव्या सामन्यापर्यंत झुंजत आलेल्या संघाचा तो दारुण शेवट होता. पहिल्याच चालीत जेसन टेटमचा घोटा मुरगळला आणि सारा भार जेलेन ब्राउनवर आला. ब्राउनच्या 23 पैकी 8 फेकी बास्केटमध्ये गेल्या आणि त्याने 8 वेळा चेंडू हातचा घालवला. दोनच महिन्यांनी त्याच संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. आकडा जाहीर झाला 30.4 कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास अडीच हजार कोटी रुपये. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या इतिहासातला तोवरचा तो सर्वांत मोठा करार होता. संकटात संघाला सावरू न शकणाऱ्या, स्वतःच्या संघातही पहिल्या क्रमांकाचा नसलेल्या खेळाडूला लीगमधला सर्वांत महाग करार का, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या मागे आहे. माझ्या मते ब्राउनने हे पैसे फेडले आहेत. त्याच्याकडून जे नेतृत्व मागितले गेले तेही त्याने दिले आहे. फक्त ते जिथे शोधले जात होते तिथे ते नव्हते.

आधी आकडा कसा ठरला ते पाहू, कारण अर्धा गैरसमज तिथेच आहे. आयपीएलच्या लिलावात दोन संघांच्या चढाओढीतून खेळाडूची किंमत ठरते. एनबीएतल्या बड्या खेळाडूची किंमत अशी ठरत नाही. तिथे प्रत्येक संघाच्या एकूण वेतनाला मर्यादा आहे आणि त्या मर्यादेचा किती टक्के वाटा एका खेळाडूला देता येईल हेही नियमात आहे: पहिली सहा वर्षे जास्तीत जास्त 25 टक्के, सात ते नऊ वर्षे खेळलेल्याला 30 टक्के आणि त्यापुढे 35 टक्के. आपल्याच संघात राहणारा एखादा खेळाडू मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ‘ऑल-एनबीए’ यादीत आला, तर त्याला दहाव्या वर्षाआधीही 35 टक्के मिळू शकतात. 2022-23 मध्ये ब्राउनने सामन्यामागे सरासरी 26.6 गुण केले आणि पत्रकारांच्या मतदानात दुसऱ्या ऑल-एनबीए संघात जागा मिळवली. तिथे त्याची पात्रता ठरली. 30.4 कोटी हा आकडा वेतनमर्यादा किती वाढेल याच्या अंदाजावर काढलेला होता. प्रत्यक्षात मर्यादा तेवढी वाढली नाही आणि करार सुमारे 28.5 कोटींवर आला. वर्षभरात टेटमचा 31.4 कोटींचा करार झाला. 2025 मध्ये ओक्लाहोमाच्या शाय गिलजस-अलेक्झांडरला चारच वर्षांचे साडेअठ्ठावीस कोटी मिळाले. ‘इतिहासातला सर्वांत मोठा’ हे बिरुद रांगेत ज्याचा नंबर लागेल त्याच्या गळ्यात पडते. त्यावरून ‘हा जगातला सर्वोत्तम आहे का?’ असा जाब विचारणे चुकीचे आहे, कारण तसा दावा त्या आकड्यातच नाही.

मग योग्य प्रश्न कोणता? ब्राउनला हे पैसे दिले नसते तर सेल्टिक्सच्या हाती काय उरले असते? इथे एनबीएचा एक विलक्षण नियम समजून घ्यावा लागतो. त्याला लॅरी बर्डचे, म्हणजे सेल्टिक्सच्याच महान खेळाडूचे नाव आहे. वेतनमर्यादा ओलांडलेल्या संघालाही आपला जुना खेळाडू राखण्यासाठी जादा पैसे देता येतात. बाहेरचा तेवढ्याच किमतीचा खेळाडू मात्र घेता येत नाही. म्हणजे करार संपून ब्राउन निघून गेला असता, तर त्याच्या वेतनाइतकी रक्कम दुसऱ्या ताऱ्यावर खर्चायला संघ मोकळा झाला नसता. त्याची जागा रिकामी राहिली असती. आधीच विकायचे ठरवले असते तरी मोबदल्यात ऐन उमेदीतला, पंचविशीच्या आसपासचा तेवढा अष्टपैलू खेळाडू कोणी दिला असता? ‘एवढ्या पैशांत यापेक्षा चांगला आला असता’ असे म्हणणाऱ्यांनी ‘कोण’ आणि ‘कसा’ हे सांगायला हवे. ते कधीच सांगितले जात नाही.

पण नियमाने मान्य केलेला पैसा मैदानावर फेडावा लागतोच. त्याची पावती नवा करार लागू होण्याआधीच, 2024 मध्ये मिळाली. सेल्टिक्सने त्या मोसमात 82 पैकी 64 सामने जिंकले. इंडियानाविरुद्ध ईस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पूर्व गटाच्या, अंतिम मालिकेतल्या पहिल्याच सामन्यात पराभव समोर दिसत असताना, साडेपाच-सहा सेकंद उरलेले असताना, ब्राउनने कोपऱ्यातून तीन गुणांची फेक टाकून बरोबरी साधली. तो सामना जादा वेळेत जिंकला आणि मालिका 4-0 अशी खिशात गेली. त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पुढे विजेतेपदासाठीच्या डॅलसविरुद्धच्या अंतिम मालिकेत त्याची गुणांची सरासरी 20.8 होती, टेटमची 22.2. केवळ गुणतक्ता पाहणाऱ्याला मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार टेटमचा वाटेल. पण अकरापैकी सात मते ब्राउनला पडली, आणि ती का पडली यातच माझा मुख्य मुद्दा आहे. डॅलसच्या लुका डोंचिचसारख्या, सामन्यामागे तीस गुणांच्या घरात जाणाऱ्या खेळाडूला अडवण्याचे काम बहुतेक वेळ ब्राउनने केले. संपूर्ण सामनाभर अशा खेळाडूच्या अंगाला अंग घासत राहायचे, त्याला आपल्या आवडत्या जागी पोहोचू द्यायचे नाही आणि वर दुसऱ्या टोकाला जाऊन गुणही काढायचे, हे शरीर मोडणारे काम आहे. तिसऱ्या सामन्यात 21 गुणांची आघाडी डॅलसने एका गुणावर आणली होती. तेव्हा थेट डोंचिचच्या अंगावर चाल करून त्याला सहावा फाउल करायला लावणारा आणि त्याला मैदानाबाहेर बसवणारा ब्राउनच होता. त्या रात्री त्याचे 30 गुण होते. सेल्टिक्सला अठरावे विजेतेपद मिळाले.

नेतृत्व म्हणजे शेवटचा फटका माझाच, अशी एक समजूत रुजली आहे. पैसा जास्त म्हणून अधिकारही जास्त, आणि अधिकार म्हणजे चेंडू सतत हातात. बॉस्टनचाच इतिहास याच्या उलट साक्ष देतो. अंतिम मालिकेतला पुरस्कार ज्याच्या नावाने दिला जातो तो बिल रसेल तेरा मोसमांत अकरा वेळा विजेता ठरला. शेवटची दोन विजेतेपदे त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत मिळवली. आणि तरी कारकिर्दीत त्याची गुणांची सरासरी पंधराच्या आसपासच होती. त्याचे मोठेपण प्रतिस्पर्ध्याला रोखण्यात आणि सहकाऱ्यांचा खेळ खुलवण्यात होते. ब्राउन रसेल नाही, कोणीच नाही. पण जात तीच आहे. ज्या शहरात ‘टेटम आणि ब्राउन एकत्र जिंकूच शकत नाहीत, एकाला विका’ ही चर्चा वर्षानुवर्षे चालली, तिथे त्याने दुय्यम स्थानाची तक्रार न करता सर्वांत अवघड बचाव अंगावर घेतला. 2024 मध्ये तर त्याला ऑल-एनबीए यादीतूनही वगळले गेले होते. संघातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूशी स्पर्धा न करता त्याच्या बरोबरीने उभे राहणे हे चाळीस-पन्नास लाख डॉलरवर खेळणाऱ्याकडून सहज अपेक्षिता येते. वर्षाला पाच कोटींच्या घरातला करार हाती असलेल्याने ते केले की संघातल्या इतर कोणालाही स्वतःचे महत्त्व मोजत बसायला तोंड उरत नाही.

मैदानाबाहेरचे ब्राउनचे काम मी या हिशेबात धरत नाही, पण ते नजरेआड करणेही बरोबर नाही. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर 2020 मध्ये तो बॉस्टनहून पंधरा तास गाडी चालवत अटलांटाला गेला आणि निदर्शनांत पुढे राहिला. खेळाडूंच्या संघटनेचा तो अगदी तरुण वयात उपाध्यक्ष झाला. पगाराचा आकडा ऐकून ज्याला ‘जबाबदारी कळत नाही’ असे म्हटले गेले, त्याला ती आधीपासून कळत होती.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. न्यूयॉर्क निक्सच्या जेलेन ब्रन्सनने 2024 मध्ये चार वर्षांचा 15.65 कोटींचा करार स्वीकारला. वर्षभर थांबला असता तर त्याला पाच वर्षांचे जवळपास 26.9 कोटी मिळाले असते. त्याच्या त्यागामुळे संघाला इतरांसाठी पैसा उरला आणि 2025 मध्ये त्याच निक्सने सेल्टिक्सला दुसऱ्या फेरीत हरवले. पाठोपाठ सेल्टिक्सला ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टाप्स पोर्झिंगिस यांना दुसऱ्या संघांकडे पाठवावे लागले, ल्यूक कॉर्नेट आणि अल हॉर्फर्ड निघून गेले. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2023 च्या करारातल्या ‘सेकंड अ‍ॅप्रन’ या वरच्या मर्यादेमुळे आणि जबर करामुळे तो संघ टिकवणे परवडेनासे झाले होते. ब्राउन आणि टेटमने थोडे कमी घेतले असते तर? हा प्रश्न खरा आहे. एकाच्या वाट्याचा पैसा दुसऱ्याला मिळत नाही, हेही खरे. पण त्यागाची मागणी करताना दुसऱ्या बाजूचा ताळेबंदही मांडावा. विक ग्राउसबेक यांच्या गटाने 2002 मध्ये सेल्टिक्स 36 कोटी डॉलरला घेतला आणि 2025 मध्ये 610 कोटींच्या मूल्यांकनाने विकला. प्रक्षेपण हक्कांतून लीगला अकरा वर्षांत 7,600 कोटी डॉलर मिळणार आहेत. वरची मर्यादा संघमालकांच्या आग्रहाने आली, आणि तिची झळ सोसायची ती मात्र गुडघे झिजवणाऱ्याने. ब्रन्सनचा निर्णय उदार होता, त्याला मान द्यावा. उदारपणा हा नियम झाला की तो खेळाडूच्या खिशातून मालकाच्या खिशात जाणारा कर होतो. आणि ज्या वर्षी जिंकायचे होते त्या वर्षी, 2024 मध्ये, सेल्टिक्सने हॉलिडे आणि पोर्झिंगिस यांनाही सोबत घेऊनच विजेतेपद मिळवले होते.

ब्राउनच्या खेळातली उणीव मी नाकारत नाही. डाव्या हाताने चेंडू खेळवताना त्याच्यावर दबाव टाकला की चूक होते, हे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला ठाऊक आहे आणि मायामीने ते जगाला दाखवले. करार 2028-29 पर्यंत आहे. शेवटच्या वर्षी त्याचे वेतन साडेसहा कोटींच्या घरात असेल आणि तो 32 वर्षांचा होईल. तेव्हा पायांची उसळी कमी झालेली असेल आणि आकडा डोळ्यांत खुपेल. अशा करारांत सुरुवातीच्या वर्षांची वसुली शेवटच्या वर्षांच्या तोट्याला भरून काढते, हे सही करणाऱ्या दोन्ही बाजूंना माहीत असते.

शेवटी निक्सविरुद्धच्या त्या मालिकेकडे येऊ. 12 मे 2025 रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर टेटमचा अकिलीस स्नायूबंध तुटला, मालिका 3-1 अशी निक्सच्या बाजूने गेली. पुढच्या सामन्यात ब्राउनने 26 गुण काढले, आणि त्याहून मोलाचे म्हणजे 12 वेळा सहकाऱ्यांना गुण मिळवून दिले. त्या रात्री 34 गुण काढणारा डेरिक व्हाइट होता. सेल्टिक्स 127-102 असा जिंकला. सहाव्या सामन्यात 119-81 असा धुव्वा उडाला आणि मोसम संपला. नंतर कळले की ब्राउन फाटलेल्या गुडघ्याच्या कुर्चेने खेळत होता. जूनमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या मालिकेच्या निकालावरून त्याला नेता म्हणून नापास करणाऱ्यांनी पाचव्या सामन्यातले ते बारा पास आधी मोजावेत.