शत्रू असावा तर असा!



या वेळचा विषय काही जणांना पोरकट वाटेल. वाटू दे. परग्रहावरच्या प्राण्यांना गोळ्या घालायच्या गेम्स आपल्यापैकी निम्म्यांनी कॉलेजात खेळल्यात आणि उरलेल्या निम्म्यांची मुलं आता खेळतायत. प्रश्न साधा आहे. या गेम्समधले काही शत्रू वीस-वीस वर्षं डोक्यातून जात नाहीत आणि काही दुसऱ्या दिवशी आठवतसुद्धा नाहीत, असं का?

"ग्राफिक्स चांगले असतील" हे पहिलं उत्तर, आणि ते चूक आहे. आजच्या मानाने १९९८ सालचा राक्षस म्हणजे पुठ्ठ्याची खोकी चिकटवून केलेला वाटतो, तरी तो लक्षात आहे. "हुशार असतील" हे दुसरं उत्तर. ते अर्धंच बरोबर आहे, आणि खरी गंमत त्या अर्ध्यातच आहे.

मुळापासून सुरुवात करू. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. पडद्यावर ५५ परग्रहवासी, ओळीने डावीकडून उजवीकडे सरकत हळूहळू खाली येणारे. त्या काळच्या प्रोसेसरला इतके सगळे हलवताना धाप लागायची. जसजसे ते मरत जायचे तसतसं काम कमी व्हायचं आणि उरलेले जास्त वेगाने पळायचे. शेवटचा एकटा तर सुसाटच! आपल्या भाषेत सांगायचं तर हा परफॉर्मन्सचा प्रॉब्लेम, आणि निशिकादोंनी तो 'फिक्स' न करता तसाच ठेवला. कारण खेळणाऱ्याला दिसत होतं ते वेगळंच: आपण साथीदार मारले म्हणून हे चवताळलेत. शत्रूच्या मनात काही चाललंय असं वाटायला एवढंसुद्धा पुरतं. तुम्ही काहीतरी केलंत आणि त्याचा त्याच्यावर परिणाम झाला, बस्स.

पुढचा टप्पा 'डूम', डिसेंबर १९९३. मंगळाच्या चंद्रांवर नरकातले राक्षस. बुद्धीच्या नावाने आनंद. दिसलात की अंगावर येणार. पण दोन गोष्टी फार विचार करून केलेल्या. एक, इम्प नावाचा राक्षस आगीचा गोळा फेकतो तो डोळ्यांना दिसतो आणि बाजूला उडी मारून चुकवता येतो. म्हणजे मेलात तर चूक तुमची, नशिबाची नाही. दुसरी त्याहून भारी. एका जातीच्या राक्षसाचा गोळा चुकून दुसऱ्या जातीच्याला लागला, तर तो दुसरा तुम्हाला सोडून पहिल्यावर तुटून पडतो. मग काय, दोघांच्या मध्ये उभं राहायचं, ऐन वेळी सटकायचं आणि कोपऱ्यातून भांडण बघायचं. अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये तरबेज झालेल्यांना हे तंत्र वेगळं शिकवायला नको :-)

मग आला नोव्हेंबर १९९८ आणि व्हॉल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ'. ब्लॅक मेसा नावाची प्रयोगशाळा, प्रयोग फसतो, परग्रहावरचे प्राणी आत शिरतात आणि आपला नायक गॉर्डन फ्रीमन हा लढाईचा अनुभव नसलेला भौतिकशास्त्रज्ञ. आमच्या होस्टेलवर हा गेम पोचला तेव्हा जुना झाला होता, पण कोणी सैनिकांच्या लेव्हलपर्यंत आला की मागे पाच-सहा जण उभे असायचेच. कारण सैनिक! बातमी येते की सुटका करायला लष्कर आलंय, आणि थोड्या वेळाने तेच सैनिक एका शास्त्रज्ञाला गोळी घालताना दिसतात. पुरावाच ठेवायचा नाही, असा हुकूम.

हे सैनिक एकमेकांशी वायरलेसवर बोलायचे, ग्रेनेड टाकून तुम्हाला आडोशातून बाहेर काढायचे, तुमचा ग्रेनेड दिसला की ओरडून पळायचे. एक गोळ्या झाडतोय तोवर दुसरा बाजूने सरकतोय. "साले कसले हुशार आहेत," असं आम्ही म्हणायचो. पुढे व्हॉल्व्हने प्रोग्रॅमर लोकांना दिलेला कोड पाहिला तर त्यात 'स्लॉट' नावाची भानगड निघाली. एका तुकडीत एका वेळी तुमच्यावर गोळीबार करायला जागा फक्त दोन. तिसऱ्याला जागा नाही, म्हणून तो दुसरं काहीतरी करतो: सरकतो, दबा धरतो. म्हणजे ज्याला आम्ही युद्धनीती समजत होतो तो निव्वळ काउंटिंग सेमाफोर! ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पेपरात सात मार्कांना यायचा तोच.

याच गेममध्ये एका खोल विहिरीसारख्या जागेत तीन अजस्र सोंडा आहेत. त्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतं. धावलात की टोच. हळू वाकून चाललात तर वाचाल, आणि लांब ग्रेनेड टाकलात तर त्या तिकडे आपटत बसतील. इथे शत्रूचा एक नियम आहे आणि तो तुम्हाला स्वतः शोधायचा आहे. नियम सापडला की भीती जात नाही, पण भीतीबरोबर एक योजना येते. माझ्या मते उत्तम शत्रूची हीच खूण: घाबरवतो, पण विचार करायला जागा ठेवतो.

आता 'हेलो'. बंजी कंपनीचा, नोव्हेंबर २००१, पहिल्या एक्सबॉक्सबरोबर आलेला. इथले परग्रहवासी म्हणजे कव्हनंट, अनेक जातींची धर्मवेडी आघाडी. सर्वात खाली ग्रंट: बुटके, बडबडे, पाठीवर टाकी बांधलेले. मग जॅकल: हातात चमकणारी ढाल, पण ढालीला एक खाच, तिथे नेम लागला तर काम फत्ते. मग एलीट: उंचपुरे, अंगाभोवती ऊर्जेचं कवच, आणि ते तुमच्या कवचासारखंच थोडी उसंत मिळाली की पुन्हा भरून येतं. शेवटी हंटर: जोडीने फिरणारे डोंगर, समोरून अभेद्य, पाठ मात्र उघडी.

प्रत्येकजण वेगळा प्रश्न विचारतो आणि त्यांची सरमिसळ झाली की प्रश्नपत्रिका दर वेळी नवी. एलीटचं कवच प्लाझ्माच्या शस्त्राने लवकर उतरतं, पण ते हातात घेऊन त्याच्या मागे लागावं तर बाजूने जॅकल टिपतो. पण मला विचाराल तर यातला खरा हिरा ग्रंट. आपल्याकडे लपंडावात लहान भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचे ना, तसा तो त्या फौजेतला कच्चा लिंबू. कधी ड्यूटीवर झोपलेला सापडतो. एलीट पुढे असेतो शूर, आणि एलीट पडला रे पडला की हात वर करून किंचाळत पळत सुटतो. या एका गोष्टीत केवढी माहिती आहे बघा. या फौजेत साहेब कोण, चाकर कोण, कोण कोणाच्या जिवावर उड्या मारतो, हे एकही संवाद न ऐकता कळतं. शिवाय डावपेच मिळतो: आधी साहेबाला गाठा, मग बाकीच्यांची पांगापांग.

हेलोच्या क्रिस बुचर आणि जेमी ग्रीसमर यांनी २००२ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये व्याख्यान दिलं होतं. विषयच मुळी 'बुद्धीचा आभास'. त्यात एका चाचणीची हकीकत आहे. शत्रूंच्या बुद्धीला हातही न लावता त्यांनी फक्त त्यांची सहनशक्ती वाढवली, म्हणजे मरायला जास्त गोळ्या लागतील असं केलं. तर खेळणाऱ्यांना ते शत्रू जास्त हुशार वाटायला लागले! विचार केला तर बरोबर आहे. दोन सेकंदात मेलेला माणूस किती का विद्वान असेना, ते दाखवायला त्याला वेळ कुठे मिळाला?

याच वाटेवरचा पुढचा मुक्काम म्हणजे २००५ चा 'फिअर', मोनोलिथ कंपनीचा. त्याच्या सैनिकांच्या हुशारीचे गोडवे आजही गायले जातात. त्यामागचे इंजिनिअर जेफ ऑर्किन यांनी २००६ मध्ये सगळं मोकळेपणाने सांगितलं. प्रत्येक सैनिक स्वतःपुरतं नियोजन करतो. त्याची कल्पना १९७१ सालच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या 'स्ट्रिप्स' या यंत्रमानवांसाठीच्या पद्धतीवरून घेतलेली. पण मला जास्त आवडलं ते त्यांचं बोलणं. तुकडीत एकटाच उरलेला सैनिक कुमक मागवतो. आता कुमक मागवायची सोय कोडमध्ये नाहीच! पण पुढच्या दालनात सैनिक असणारच असतात, ते दिसले की खेळणारा स्वतःच म्हणतो, "अरे, यानेच बोलावले." उरलेला प्रोग्रॅम खेळणाऱ्याच्या डोक्यात चालतो, फुकटात.

म्हणजे थोडक्यात काय, शत्रू हुशार असून भागत नाही, त्याची हुशारी दिसावी लागते, ऐकू यावी लागते. कोपऱ्यामागून गुपचूप येऊन डोक्यात गोळी घालणारा शत्रू लिहिणं अजिबात अवघड नाही. संगणकाला भिंतीपलीकडचंही माहीत असतं आणि त्याचा नेम चुकत नाही. अवघड आहे ते त्याला मर्यादेत ठेवणं. हेलोमधला एलीट तुम्ही शेवटचे जिथे दिसलात तिथे गोळ्या झाडत राहतो, म्हणून तर मागून वळसा घालता येतो. हे लहान पोराशी लपंडाव खेळण्यासारखं आहे. मोठा माणूस पडद्याआड लपतो आणि पायाचा अंगठा मुद्दाम बाहेर ठेवतो. पोराला सापडल्याचा आनंद हवा, पण अंगठा मुद्दाम ठेवलाय हे कळता कामा नये. चांगल्या शत्रूचं काम रंगतदार हरणं, आणि हरताना मेहरबानी केल्यासारखं न दाखवणं. म्हणून आता भाषेची मॉडेल्स घालून शत्रूला अजून बुद्धिमान करायच्या गोष्टी निघतात तेव्हा मला एकच विचारावंसं वाटतं: अंगठ्याचं काय?

याच्या उलट उदाहरणही हेलोतच आहे. अर्ध्यावर फ्लड नावाचं परजीवी लचांड येतं. ना भीती, ना नेता, ना आडोसा. नुसते लोंढेच्या लोंढे. पहिल्या भेटीत अंगावर काटा येतो, कारण तोवर शिकलेलं सगळं निरुपयोगी ठरतं. पण पुढे 'लायब्ररी' नावाच्या लांबलचक लेव्हलमध्ये मजल्यामागून मजले तेच चालू राहतं आणि हात दुखतो, डोकं झोपतं. ज्याला गमवायचं काही नाही त्याच्याशी लढण्यात फार वेळ मन रमत नाही.

आता मुद्द्याचं. माझा सतरा वर्षांचा भाचा मागे सुट्टीत आमच्याकडे आला होता. त्याला जुना हेलो लावून दिला. एलीट पडला, ग्रंट पळाले, आणि हा बंदूक रोखून थांबला. "मामा, हे पळतायत रे. सोडू का यांना?" मी म्हटलं तुझी मर्जी. सोडले. दहाएक सेकंदात त्यातलाच एक धीर गोळा करून परत आला आणि याच्यावर गोळ्या झाडायला लागला. "बघ ना, मामा, लाज आहे का याला!" आम्ही दोघं हसून हसून बेजार. पण नंतर मला राहून राहून तो थांबलेला क्षण आठवत होता. समोर काय होतं? काहीशे त्रिकोण आणि एक 'पळ' नावाची अवस्था. तरी पोराचा हात थांबला. फ्लडच्या बाबतीत हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही.

बंजीलाही हे जाणवलं असावं. २००४ च्या 'हेलो २' मध्ये त्यांनी अर्धा गेम चक्क एका एलीटच्या भूमिकेत खेळायला लावला. पहिल्या गेममध्ये आपण जी प्रचंड कडी उडवली, ती वाचवता आली नाही म्हणून त्याच्याच धर्मगुरूंनी डाग देऊन अपमानित केलेला सेनापती. तेव्हा बरेच खेळाडू वैतागले होते, "आम्हाला मास्टर चीफ द्या!" म्हणून. पण ज्याला इतके तास निशाण्यावर धरलं, त्याच्या बाजूने तीच लढाई कशी दिसते, हे शूटर गेममध्ये दाखवणं मला आजही धाडसाचं वाटतं. आणि ते जमलं ते पहिल्या गेममध्ये एलीटला आब, राग आणि भीती दिली होती म्हणून. फ्लडची बाजू घेऊन असा गेम काढता आला नसता.

तेव्हा मुलांसाठी गेम आणताना आपण जे विचारतो, रक्त किती, वयाचं लेबल काय, ते जरूर विचारा. त्याच्या जोडीला अजून एक गोष्ट बघा. दहा मिनिटं शेजारी बसा आणि समोरचा शत्रू घाबरतो का, साथीदाराला हाक मारतो का, त्याचं कोणी मेलं तर त्याला फरक पडतो का, हे पाहा. पडत असेल तर पोरगं नेमबाजीबरोबर समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधायलाही शिकतंय. पडत नसेल तर नुसता अंगठ्याचा व्यायाम आहे. अधूनमधून तोही वाईट नाही. हाफ-लाइफमध्ये एक सैनिक आपल्या जोडीदाराजवळ कुरकुरताना ऐकू येतो की राक्षस मारायला आलो होतो, सामान्य माणसं मारायला नाही. ते ऐकून झाल्यावर त्याच्याशी लढावं तर लागतंच. पण नेम धरताना जरा वेगळं वाटतं, आणि तसं वाटलं पाहिजे.

असो. फार लांबलं. तुमचा आवडता शत्रू कोण, जरूर कळवा. ऑफिसातले चालणार नाहीत.

कळावे, लोभ असावा.