टोळी निघण्याआधी वसतिगृह हवे

गाळप हंगाम तोंडावर आला आहे. ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्याआधीच त्यांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे गावात सुरू झाली पाहिजेत, अशी आमची ठाम भूमिका आहे.

वसतिगृह दिवाळीनंतर उघडले, तर मुलगी तोवर आईबापांबरोबर फडावर पोहोचलेली असते. तिथे धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे, कोपीपुढच्या चुलीवर भाकऱ्या थापणे तिच्याच वाट्याला येते. शाळा सुटली की लग्न उरकले जाते. कारण मुकादमाची उचल कोयत्यावर, म्हणजे जोडप्यावर मिळते. मग कोवळ्या वयातली बाळंतपणे, आडोशाविना काढलेले पाळीचे दिवस आणि दुखणे आले तरी खाड्याची, म्हणजे गैरहजेरीच्या दंडाची धास्ती. याचा शेवट बीड जिल्ह्याने पाहिला आहे. २०१९च्या पाहणीत तेथील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मुलीची शाळा टिकवणे हा म्हणूनच आरोग्याचाही प्रश्न आहे.

गावात मागे राहिलेल्या आजीवर सारा भार टाकून भागणार नाही. वसतिगृहातला स्वयंपाक आणि मुलींची रात्रीची सोबत बचत गटाच्या महिलांकडे द्यावी, मात्र त्यांचे मानधन थकता कामा नये.

ग्रामसभेने स्थलांतरित कुटुंबांतील मुलींची यादी दसऱ्यापूर्वी मंजूर करावी. आशा सेविकांमार्फत महिलांची तपासणी निघण्याआधी आणि परतल्यावर व्हावी. जिल्हा परिषदेने शाळा व्यवस्थापन समित्यांना निधी देण्याची तारीख आताच जाहीर करावी. टोळ्या गेल्यावर निघालेल्या आदेशाचा या मुलींना काडीचा उपयोग नाही.