साखळीची लांबीही शिकवा



मुंबईच्या आरे कॉलनीत १९४९ साली दुग्धवसाहत उभी राहिली. तेथील दूध पूर्वी काचेच्या बाटल्यांतून मिळे. पुढे बाटलीची जागा पॉलिथिलीनच्या पिशवीने घेतली. ही पिशवी कशाची, असे विचारले तर तुम्ही चटकन सांगाल, 'एथिलीनच्या रेणूंच्या लांब साखळ्यांची.' उत्तर बरोबर, पण अपुरे. साखळ्या किती लांब? साऱ्या सारख्याच का? पदार्थाचे गुण यावरही ठरतात; पण आपण ते शिकवत नाही.

मऊ पॉलिथिलीन बनवण्याच्या उच्च दाबाच्या पद्धतीत साखळीचे टोक म्हणजे एक मुक्त मूलक असतो. तो भलताच क्रियाशील. रेणूमागून रेणू जोडत जातो. पण तसेच दुसरे टोक भेटले की दोघांचीही वाढ खुंटते. कोणती साखळी कधी सुरू होईल, कधी संपेल, याला धरबंध नाही. म्हणून आखूड-लांब साखळ्यांची सरमिसळ होते.

इतर काही बहुवारिकांसाठी १९९५ साली जपानात सावामोतो आणि अमेरिकेत मातियाशेव्स्की यांनी स्वतंत्रपणे एक युक्ती दाखवली. धातूच्या संयुगाच्या मदतीने टोकावर क्लोरीन किंवा ब्रोमीनचा अणू टोपणासारखा बसवायचा. टोपण असेतो साखळी झोपलेली. ते निघाले की थोडी वाढून पुन्हा झोपते. जागी टोके दहापट कमी केली, तर वाढ दहापट मंदावते; पण टोकाला टोक भिडणे शंभरपट घटते, कारण भिडायला दोघे लागतात! सर्व साखळ्या जवळपास एकदमच सुरू होऊन बरोबरीने वाढतात.

ही पद्धत मंद आणि महाग आहे. दुधाच्या पिशवीसाठी ती नव्हे. रंगातील भुकटी नीट विखुरलेली ठेवण्यासारख्या नाजूक कामांसाठी आहे.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, असे शिक्षक म्हणतील. पण यासाठी एक तास आणि कागदाला लावायच्या क्लिपा पुरेत. अर्ध्या वर्गाने मनाला येईल तेव्हा साखळी सुरू करावी, थांबवावी; उरलेल्यांनी प्रत्येक टाळीला एकच क्लिप जोडावी. मग साखळ्या मोजा. दोन्हींकडची सरासरी एकच आली तरी ढीग वेगळे दिसतील. सरासरी काय लपवते, हे ज्याला एकदा उमगले, तो पुढे कोणताही आकडा डोळे झाकून स्वीकारणार नाही.