शाळेची बैठक आहे, या!

आयांनो, बाबांनो, जिल्हा परिषदेच्या शाळेत नातवंडं धाडणाऱ्या आजी-आजोबांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. शाळा सुरू झाली आहे आणि 30 सप्टेंबर फार लांब नाही. त्या तारखेचा पट धरून तुमच्या शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरतं. पट घसरला की एक शिक्षक जातो. शिक्षक गेला की चार वर्ग एका खोलीत बसतात. ते पाहून आणखी दोन घरं आपली मुलं तालुक्याच्या शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतात. पट पुन्हा घसरतो.

हे एका रात्रीत होत नाही, म्हणून कुणी दचकत नाही. एका जूनमध्ये पहिलीत तीनच मुलं येतात, पुढच्या जूनमध्ये एक. मग एखाद्या दिवशी वरून शाळा बंद करण्याचं पत्र येतं आणि गाव जागं होतं. तोवर उशीर झालेला असतो.

ही भीती उगाच घालत नाही. 2022 मध्ये राज्य शासनाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली होती. पुढच्या वर्षी अशा लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार पुढे आला आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत, नंदुरबारमधलं तोरणमाळ ही नावं उदाहरण म्हणून घेतली गेली. मोठ्या शाळेत मैदान मिळेल, ग्रंथालय मिळेल, हे मान्य. पण वाडीवरची सहा वर्षांची पोर पावसाळ्यात ओढा ओलांडून तिथे रोज कशी पोचणार? पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असं कायद्याचे नियम सांगतात ते याचसाठी. मोठ्या शाळेला नेणारी गाडी चार दिवस आली नाही तर सगळ्यात आधी घरी कोण राहतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलगी राहते.

तुम्ही हे थांबवू शकता. त्यासाठी मोर्चा काढायला नको, कुणाच्या पाया पडायला नको. कायद्याने तुम्हाला शाळेत खुर्ची दिली आहे. त्या खुर्चीवर येऊन बसा.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत. निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात आणि बैठक दर महिन्याला घ्यायची असते. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, विकास आराखडा तयार करायचा, आलेला पैसा कुठे खर्च झाला ते पाहायचं, ही या समितीची कामं आहेत. म्हणजे तुमचीच.

आणि बऱ्याच ठिकाणी होतं काय? इतिवृत्ताची वही एखाद्या पोराच्या हातात देऊन घरोघर फिरवली जाते. आई पीठ मळता मळता हात पुसून सही करते. बैठक कागदावर झालेली असते. मुख्याध्यापकांना वाटतं, पालक येतच नाहीत. पालकांना वाटतं, आपल्याला कुणी विचारतच नाही. दोघांचंही खरं असतं आणि शाळा मात्र दोघांच्या मधे एकटी पडते.

एवढं करा. न झालेल्या बैठकीच्या वहीवर सही करू नका. रागाने नको, भांडून नको. प्रेमाने सांगा, “गुरुजी, बैठक घ्या, मी येते.” एका आईने सांगितलं तर कदाचित काही हलणार नाही. दहा जणींनी सांगितलं तर त्याच आठवड्यात बैठक लागेल.

मुख्याध्यापकांना, केंद्रप्रमुखांना, विस्तार अधिकाऱ्यांनाही इथे एक विनंती आहे. बैठक सकाळी 11 वाजता ठेवू नका. त्या वेळी आई खुरपणीला गेलेली असते, बाप कामावर असतो. बैठकीला यायचं म्हणजे अर्ध्या दिवसाचा रोज बुडवायचा. संध्याकाळी ठेवा, बाजाराचा दिवस सोडून ठेवा, जमलं तर वस्तीवर ठेवा. आलेल्या बाईला मागच्या सतरंजीवर बसवून सह्या घेऊ नका. तिला आधी बोलू द्या. पोर शाळेतून घरी आल्यावर काय सांगते, हे तिच्याएवढं कुणालाच माहीत नसतं.

बैठकीत विचारायचं काय, असा प्रश्न पडेल. एकच प्रश्न पहिला विचारा: माझ्या मुलाला वाचता येतं का? तिसरीच्या मुलाला मराठीचा एक परिच्छेद अडखळल्याशिवाय वाचता यायला हवा, हातच्याची वजाबाकी यायला हवी. बाईंना सांगा, इथेच वाचून घ्या, आमच्या समोर. मूल अडलं तर त्याला ओरडू नका आणि बाईंनाही बोल लावू नका. पुढच्या बैठकीपर्यंत शाळा काय करणार आणि घर काय करणार, ते ठरवा आणि वहीत लिहून घ्या. हे मी सगळ्यात वर ठेवतो, कारण लोकवर्गणी जमली की आपण पहिल्यांदा भिंती रंगवतो. रंग द्या, छान दिसतं. पण रंगीत भिंतीवरचा सुविचार पोराला वाचता येत नसेल, तर तो रंग कुणासाठी?

मग पैशाचं विचारा. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान मिळतं. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार रुपये, 31 ते 100 पट असेल तर 25 हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा असतो. रक्कम मोठी नाही. पण मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, पाण्याच्या टाकीचा नळ, गळकं कौल एवढं त्यात नक्की होतं. आलं किती, गेलं कुठे, विचारा. हिशेब विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. चांगल्या मुख्याध्यापकाला असा पालक हवाच असतो. तो पाठीशी असला की वर भांडायला बळ येतं.

आणि भांडावं लागतं. गुरुजींचा किती वेळ माहिती भरण्यात जातो, ते कधी शेजारी बसून पाहा. कायदा म्हणतो, जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतली मदत सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नये. तुमच्या शाळेचा शिक्षक वर्ग सोडून तसल्या कामावर गेला असेल, तर समितीचा ठराव करा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे घेऊन जा. जागा रिकामी असेल तर तेही लिहून न्या. एकटा शिक्षक बोलला तर त्याची तक्रार होते. पालकांचा ठराव मात्र फाइलीत लागतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

आता ज्यांच्यासाठी जीव सगळ्यात जास्त तुटतो, त्यांच्याबद्दल. बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या ऊसतोड कुटुंबांनो, दसरा-दिवाळीला कोयता घेऊन तुम्ही निघता ते उन्हाळ्यात परत येता. मूल सोबत गेलं की सहा महिने वर्ग बुडतो. ते फडात धाकट्याला सांभाळतं, वाढं गोळा करतं आणि गावी येतं तेव्हा अक्षरं विसरलेलं असतं. पुढच्या वर्षी शाळेला लाजतं. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्या हातातही कोयता येतो. अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि ती शाळा व्यवस्थापन समितीच्या हातून चालते. मूल गावातच राहतं, आजीजवळ झोपतं, जेवण शाळेकडून मिळतं. पण समिती जागी नसेल तर प्रस्ताव वेळेवर जात नाही. मुकादमाची गाडी दारात उभी राहिल्यावर प्रस्तावाचा काही उपयोग नाही. आत्ता विचारा. कोण कोण जाणार आहे, मागे कोण राहणार आहे, त्यांची यादी करा. गावात राहणाऱ्यांनो, त्या पोरांकडे आपल्या पोरांसारखं पाहा. यादीत त्यांचं नाव तुम्ही घाला.

सरकारी शाळा अशी बदलते का कुठे? बदलते. पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. पट नावापुरता उरला होता. दत्तात्रय वारे गुरुजी आले, गाव सोबत उभं राहिलं, आणि 2025 च्या जागतिक सर्वोत्कृष्ट शाळा पुरस्कारांत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार या वाडीवरच्या शाळेने मिळवला. त्याआधी साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांचा हात धरून वर्ग बदलले, आणि राज्यभरातले शिक्षक ते पाहायला कुमठ्याला गेले. एके ठिकाणी गुरुजी आणि गाव, दुसऱ्या ठिकाणी अधिकारी आणि शिक्षक. शाळा त्याच, सरकारीच. माणसं एकत्र आली, एवढाच फरक.

तुम्हाला वाटेल, मला लिहिता-वाचता येत नाही, मी बैठकीत काय बोलू? आई, तुम्हीच या. पोराला जवळ बसवून “वाच बरं” म्हणायला अक्षर यावं लागत नाही. पहिलीच्या तयारीसाठी ‘पहिले पाऊल’ अभियानात राज्यभर मातांचे गट बनले, त्यांत कमी शिकलेल्या आयाही होत्या. तुमच्या वस्तीवर तसा गट असेल तर त्यात जा. नसेल तर चार जणी जमा आणि बाईंना बोलवा. त्या येतील. कित्येक बाई या बोलावण्याची वाट पाहत असतात.

खासगी शाळा चांगली की सरकारी, यावर चावडीवर बसून बोलण्यात आणखी एक वर्ष घालवू नका. ज्यांची मुलं इंग्रजी शाळेच्या गाडीत जातात, त्यांनाही सांगतो: तुमच्या शेजारच्या घरातलं मूल इथेच शिकतं. तुम्ही शिकलात ती हीच शाळा असेल. तुमच्यातला कुणी गवंडी असेल, कुणी वायरमन, कुणी कॉलेजात शिकणारी ताई. आठवड्याचा एक तास द्या.

2 ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी तेव्हाच सुरू होते. शाळेची भिंत, पाणी, वीज त्यात लिहून घ्यायची असेल, तर समितीचा ठराव त्याच्या आधी तयार हवा. त्याच्याही आधी आहे 30 सप्टेंबर. तोवर वस्तीवर फिरा. सहा वर्षांचं एकही मूल दाखल व्हायचं राहिलेलं नाही ना, पाहा. राहिलं असेल तर त्याचा हात धरून शाळेत आणा. नाव कधीही घालता येतं, कागद नसले तरी प्रवेश नाकारता येत नाही.

उद्या सकाळी मुलाला सोडायला जाल, तेव्हा फाटकातून परत फिरू नका. आत जा. मुख्याध्यापकांना पुढच्या बैठकीची तारीख विचारा. येताना शेजारच्या दारावर थाप मारा आणि तिलाही तारीख सांगा. आणि त्या दिवशी या. दोघीही या.