देखावा पुरे, आता साध्या गाड्यांची शर्यत द्या

दर वर्ष-दोन वर्षांनी एक बातमी येते. अमुक शहरात आंतरराष्ट्रीय दर्जाची मोटार शर्यत होणार. मग रस्त्याला कठडे, झगमगते दिवे, परदेशी ड्रायव्हर आणि मंत्र्यांच्या हस्ते झेंडा. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादेत फॉर्म्युला ई झाली. त्याच वर्षाअखेर तिथलं सरकार बदललं आणि २०२४ ची फेरी रद्द झाली. २०२४ मध्ये चेन्नईत रस्त्यावर रात्रीची शर्यत झाली. २०२५ मध्ये आपल्या नवी मुंबईचीही घोषणा झाली. टाळ्या झाल्या, रील झाल्या.

माझा प्रश्न साधा आहे. यातून भोसरीच्या, सिन्नरच्या, इचलकरंजीच्या पोराला काय मिळतं? तिकीट काढून जाळीबाहेर उभं राहायचं आणि फोटो काढायचे. जाळीच्या आत जायचा रस्ता कुठून आहे, हे कोणी सांगत नाही. कारण तो रस्ताच बांधलेला नाही.

मी गॅरेजवाला आहे. वीस वर्षं गाड्यांखाली झोपतोय. शर्यतींचं वेड आहे, ते लपवत नाही. पण ही पोस्ट वेडापायी लिहीत नाहीये. सार्वजनिक पैसा, सार्वजनिक जमीन आणि सरकारचं लक्ष नेहमी शेवटच्या मजल्यावर जातं आणि जिना कोणी बांधत नाही, याबद्दल लिहितोय.

ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आठवा. ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक, खर्च साधारण दोन हजार कोटी असं तेव्हा छापून आलं होतं. २०११, २०१२, २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि कारभार आटोपला. करांचे वाद झाले. हा खेळ आहे की करमणूक, यावर घोळ झाला. एवढा मोठा ट्रॅक आणि त्यावर रोज धावायला आपल्याकडे पोरंच नाहीत. वर कळस, खाली पायाच नाही.

आता उलटं उदाहरण बघा.

अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काही हौशी लोकांनी फोक्सवॅगन बीटलचं इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन घेऊन एका सीटची छोटी रेसिंग कार बनवली. त्या वर्गाचं नाव फॉर्म्युला व्ही. सगळ्यांना तेच इंजिन, तेच सुटे भाग, आणि तेही कुठल्याही गॅरेजात मिळणारे. निकी लाउडा आणि केके रॉसबर्ग, दोघंही पुढे फॉर्म्युला वनचे विश्वविजेते, या वर्गात धावलेले आहेत. १९६७ मध्ये इंग्लंडात फॉर्म्युला फोर्ड सुरू झाली. साध्या फोर्ड गाडीचं इंजिन आणि अख्ख्या गाडीची किंमत हजार पौंडांत बसवायची, ही त्यामागची कल्पना. १९८१ मध्ये आयर्टन सेना ब्राझीलहून येऊन आधी याच वर्गात धावला. आजही इंग्लंडात सिट्रोएनच्या जुन्या सी-वन गाड्या, म्हणजे एक लिटर इंजिनच्या बाजारहाटाच्या गाड्या, घेऊन लोक चोवीस तासांच्या शर्यती करतात. चार मित्र पैसे काढतात, एक गाडी करतात, आळीपाळीने चालवतात. सोमवारी सगळे कामावर हजर.

"ते गोरे लोक, त्यांचं काय!" असं म्हणणाऱ्यांनी कोइम्बतूरकडे बघावं. तिथले एस. करिवर्धन हे उद्योजक. त्यांनी १९८० च्या दशकात मारुती ८०० चं इंजिन बसवून एका सीटची स्वस्त रेसिंग कार बनवली. फॉर्म्युला मारुती म्हणत तिला. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले, पण त्यांनी लावलेलं झाड उभं राहिलं. नारायण कार्तिकेयनने पहिली शर्यत फॉर्म्युला मारुतीतच केली. २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय ठरला. पुढे कोइम्बतूरच्याच एलजीबी कंपनीच्या, म्हणजे मोटारसायकलच्या चेन बनवणाऱ्या कंपनीच्या, नावाने फॉर्म्युला एलजीबी वर्ग आला. त्यातही मारुतीचं इंजिन. करिवर्धन यांच्या नावाचा ट्रॅक कोइम्बतूरजवळ आहे, जेमतेम दोन किलोमीटरचा. देशातल्या किती ड्रायव्हरांची सुरुवात त्या छोट्या ट्रॅकवर झाली, ते बघा आणि दोन हजार कोटींशी तुलना करा.

आणि आपण? देशातल्या गाड्यांची राजधानी म्हणवतो आपण. चाकण, पिंपरी, नाशिक, वाळूज. चाकणला फोक्सवॅगनची पोलो बनायची. त्याच पोलोच्या नावाची एकसारख्या गाड्यांची कप शर्यत २०१० मध्ये भारतात सुरू झाली. ती धावली कुठे? चेन्नई, कोइम्बतूर, पुढे नोएडा. चाकणच्या पोराने चाकणच्या गाडीची शर्यत बघायला तमिळनाडूची रेल्वे पकडायची. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं वर्षभर रात्री जागून फॉर्म्युला भारतसाठी गाडी बनवतात आणि टेम्पोत घालून कोइम्बतूरला नेतात. कार्टिंगचे ट्रॅक आहेत आपल्याकडे, कोल्हापूरकरांनी तर जिद्दीने ड्रायव्हर घडवले आहेत. पण राष्ट्रीय कार शर्यतीची फेरी घ्यायची तर गाडी राज्याबाहेरच न्यावी लागते.

एकसारख्या गाड्यांनी खर्च कमी कसा होतो, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शर्यतीत पैसा वेगावर जात नाही, शेजाऱ्यापेक्षा जास्त वेगावर जातो. त्याने दहा हजारांचा सायलेन्सर लावला की मी वीसचा लावणार. याला अंत नाही. म्हणून नियमच असा करायचा की इंजिन सील. उघडलं तर बाद. टायर एकाच कंपनीचे आणि मोजून तेवढेच. ड्रायव्हरसकट किमान वजन ठरलेलं, म्हणजे बारीक पोराला फुकटचा फायदा नाही. शर्यत संपली की पहिल्या तिघांच्या गाड्या तपासणीला. काही ठिकाणी तर चिठ्ठ्या टाकून गाडी वाटतात, कुठली मिळेल ते देवालाच माहीत. अमेरिकेतल्या गावोगावच्या मातीच्या ट्रॅकवर आणखी नामी नियम आहे : जिंकणाऱ्याचं इंजिन ठरलेल्या किमतीला दुसरा स्पर्धक मागू शकतो. मग इंजिनात पैसा ओतणार कोण? आज ओतला, उद्या दुसऱ्याच्या गाडीत.

आपल्याकडे यासाठी जुनी आल्टो पुरे. सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात आणि कुठलाही मिस्त्री ती डोळे मिटून खोलतो. आत लोखंडी पिंजरा, रेसिंगची सीट, पट्टे, अग्निशामक. पिंजऱ्यात आणि पट्ट्यांत काटकसर करायची नाही, बाकी सगळीकडे करायची. चौघांनी मिळून केली तर एका चांगल्या बुलेटच्या पैशांत प्रत्येकाचा वाटा बसेल, हा माझा गॅरेजवाल्याचा हिशेब. तो कोणीही तपासावा.

आता हरकती.

पहिली : "शेतकरी मरतोय आणि यांना शर्यती सुचतायत." दादा, बैलगाडा शर्यतीसाठी याच राज्याने कायदा केला, सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं लढा दिला आणि मे २०२३ मध्ये तो कायदा वैध ठरला. तिथे शेतकरीच होता ना? माणसाला पोट असतं तशी हौसही असते. मी बैलगाड्याच्या विरोधात नाही. उलट तिथे नियमावली झाली, परवानगीची पद्धत ठरली. तेच इथे करा, एवढंच मागणं आहे.

दुसरी : "हा श्रीमंतांचा खेळ." हो, आज आहे. म्हणूनच तर ही पोस्ट. श्रीमंताच्या पोराला बाप परदेशात पाठवतो, त्याला आल्टोची गरज नाही. स्वस्त वर्ग नसल्याने नुकसान होतं ते आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन निघालेल्या पोराचं, ज्याला गाडीचा आवाज ऐकून बिघाड कळतो.

तिसरी : "पोरं बिघडतील, रस्त्यावर शर्यती लावतील." रस्त्यावर ती आजही लावतात. ट्रॅक झाला की सगळे सुधारतील असा दावा मी करणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण आज पोलीस पकडून दंड करतात आणि सोडतात. "इथे नको, तिथे जा" असं सांगायला त्यांच्याकडे "तिथे" नाही. ट्रॅकवर हेल्मेट सक्तीचं, झेंडा दाखवला की थांबायचं, नाही थांबला तर घरी. शिस्त शिकवायची दुसरी जागा दाखवा मला.

चौथी, आणि मला खरी वाटणारी : धूर, आवाज, पेट्रोल. मान्य. म्हणून वस्तीपासून लांब, दिवसा, ठरल्या वेळेत. आणि एका रात्रीच्या देखाव्यासाठी भर शहरातले रस्ते बंद करून, जनरेटर लावून, विमानाने गाड्या आणून जो धूर होतो, तोही त्याच वहीत लिहा.

आम्ही सात-आठ जणांनी एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला होता. पडीक मैदान, एक रविवार, विमा आमचा, अॅम्ब्युलन्स आमची. साहेबांनी विचारलं, "हे क्रीडा विभागात येतं की करमणूक करात?" आम्ही म्हटलं, क्रीडा. त्यांनी फाईल दुसऱ्या टेबलावर पाठवली. त्या टेबलाने तिसऱ्या. अर्ज अजून फिरतोय. आमच्या गाडीपेक्षा जास्त लॅप झाले त्याचे.

तेव्हा मागण्या स्पष्ट लिहितो.

१. राज्यात एक साधा ट्रॅक, दोन किलोमीटरचा. काचेचे स्टँड नकोत. इंग्लंडचं सिल्व्हरस्टोन दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळावर उभं राहिलं, मद्रासच्या क्लबने शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती घेतल्या. पडीक धावपट्टी किंवा औद्योगिक पट्ट्यातली जागा भाड्याने द्या. फुकट नको.

२. परवानगीची एकच खिडकी आणि मुदत. राष्ट्रीय महासंघाचे सुरक्षेचे नियम आहेत, ते पाळले की परवानगी, नाही पाळले की नकार. पण उत्तर द्या.

३. आयटीआय आणि पॉलिटेक्निकला एकेक गाडी बांधू द्या. ड्रायव्हर एकच होतो, पण त्याच्यामागे पाच मेकॅनिक घडतात.

४. मोठ्या शर्यतीला सरकार एक रुपया देणार असेल, तर त्यातले चार आणे या तळाच्या वर्गाला. करारातच लिहा.

कंपन्यांनाही सांगणं आहे. एकसारख्या गाड्यांची मालिका तुम्ही जाहिरातीसाठी काढता आणि मॉडेल बंद झालं की मालिकाही गुंडाळता. ज्या पोराने त्यात दोन वर्षं घातली, तो लटकतो. म्हणून हा वर्ग कंपनीचा नको, क्लबचा हवा. गाडी जुनी, नियम क्लबचे, हिशेब सगळ्यांसमोर.

नवी मुंबईत दिवे लागले तर लागोत. मीही बघायला जाईन, खोटं कशाला बोलू. पण आपल्या आमदारांना, पालकमंत्र्यांना एवढं विचारा : या जाळीच्या आत आमचं पोर कधी आणि कुठून जाणार? उत्तरात "आंतरराष्ट्रीय दर्जा" हे शब्द आले तर समजा की त्यांनी प्रश्न ऐकलाच नाही. पुन्हा विचारा.

ज्यांच्याकडे जुनी आल्टो, वेल्डिंग मशिन किंवा पडीक जागा आहे, त्यांनी खाली लिहा. भांडायचं असेल त्यांनीही लिहा, पण हिशेब घेऊन या.