बिनपगारी कामाचा हिशेब

मागच्या महिन्यात कराडचे एक पालक लेकीला घेऊन घरी आले. त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, आता सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. "मॅडम, ही रात्री दीड वाजेपर्यंत परक्यांचं काम करते. पैसे विचारले तर म्हणते, अब्बा, मिळत नाहीत!"

प्रश्न रास्त होता. ती करते ते ओपन सोर्सचं काम. अशा सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला असतो. कुणीही चूक शोधून दुरुस्ती पाठवावी, सांभाळणारे ती तपासून घेतात किंवा नाकारतात. 1991 मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची सुरुवात अशीच केली. आज आपला अँड्रॉइड फोन त्यावरच चालतो. सांगलीच्या वालचंद कॉलेजातही विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे.

नोकरीसाठी याचा उपयोग होतो, पण प्रमाणपत्रासारखा नाही. मुलाखत घेणारा तिचा कोड, त्यावर निघालेल्या चुका, तिने दिलेली उत्तरं, सगळं तारखेसकट उघडून पाहू शकतो. ज्या घरात कंपनीत ओळखीचा कुणी मामा-चाचा नाही, तिथल्या मुलांना हे फार मोलाचं आहे.

नुसता आकडा वाढवून मात्र काही होत नाही. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार दुरुस्त्यांना टी-शर्ट होता. आपल्याकडच्या मुलांसह अनेकांनी एखाद-दुसरा शब्द घुसडून 'दुरुस्त्या' पाठवल्या. सांभाळणारे इतके वैतागले की काही दिवसांतच नियम बदलावे लागले. अशी नोंदही कायम राहते, हे मुलं विसरतात.

आणि झोपेचं काय? एक्सझेड नावाचं छोटं पण जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर एक माणूस वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळत होता. तो थकला. मदतीला आलेल्या अनोळख्याने त्यात चोरवाट घातली, ती 2024 मध्ये उघडकीस आली. म्हणून मी मुलीला बजावलं, परीक्षेच्या महिन्यात हे बंद, एरवी रविवारचे दोन तास.

मग तिने अब्बांना एक दुरुस्ती दाखवली. एका शब्दकोशात उर्दू ओळ डावीकडून सुरू व्हायची, ती तिने उजवीकडे आणली होती. ती चूक दिसायला उर्दू वाचता यावं लागतं. खाली तिचं नाव होतं.

अब्बा बराच वेळ पाहत राहिले. "हे कुणी पुसणार तर नाही ना?"

"नाही अब्बा. आज रात्री मात्र लवकर झोपते."