उपकेंद्र म्हणजे विद्यापीठ नव्हे

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे प्राण देणारा हा तरुण गिरणी कामगार पोटासाठी गाव सोडून गेला होता. आज या टापूतील मुले शिक्षणासाठी गाव सोडतात. मंचर, घोडेगाव, जुन्नर येथे महाविद्यालये आहेत, हे खरे. परंतु विद्यापीठाचे विभाग, मोठे ग्रंथालय आणि सर्व निर्णय गणेशखिंडीत, म्हणजे साठेक किलोमीटरवर. खोलीभाडे आणि खाणावळ परवडेना झाली की पहिल्यांदा मुलीचे शिक्षण थांबते. आणि 2014 पासून विद्यापीठाला नाव आहे सावित्रीबाईंचे!

1949 साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या कक्षेत प्रारंभी बारा जिल्हे होते. 1962 मध्ये कोल्हापूरचे आणि 1990 मध्ये जळगावचे विद्यापीठ निघाले. भार झाला की तुकडा तोडावयाचा, एवढाच उपाय आपल्या राज्यकर्त्यांना सुचत आला आहे. नाशिक आणि अहिल्यानगर यांच्या वाट्याला उपकेंद्रे आली. 2016 च्या कायद्यात उपपरिसराची व त्याच्या संचालकाची तरतूद आहे; मात्र संचालक नेमल्याने अधिकार मिळतात असे नव्हे. अभ्यासक्रम, अध्यापकांच्या नेमणुका आणि पैसा यांवर जेथे स्थानिक हुकमत नाही, ते केंद्र म्हणजे टपाल पुढे धाडणारी कचेरी होय.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे दहा परिसर आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र कुलगुरू आहे. त्यांतील मर्सेडचा परिसर 2005 मध्ये मुद्दाम शेतीप्रधान खोऱ्यात उघडण्यात आला. (1960 च्या योजनेतील मोफत शिक्षणाचे तत्त्व त्यांनी पुढे सोडून दिले, तेवढे अनुकरण आपण न केलेले बरे.)

जुन्नर-आंबेगावसाठी असा अधिकारसंपन्न परिसर मागणे यात अवास्तव काय आहे? कांद्याचा भाव कोण ठरवतो, हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळ्याच्या पदरात काय पडते, बाबू गेनूंचेच नाव दिलेल्या डिंभे जलाशयाखाली ज्यांची जमीन गेली ते आज कोठे आहेत, हे संशोधनाचे विषय येथेच आहेत. ते अभ्यासणारी मुलेही येथलीच असावीत.

अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात. आपल्या भागातील किती पदवीधरांनी नाव नोंदविले आहे? कार्यकर्त्यांनी गावोगाव ही नोंदणी हाती घ्यावी, आणि मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून या परिसराविषयी लेखी उत्तर घ्यावे.